सिसिलीचा हिवाळा आणि सणाचे ताट

इ. स. ११८४ च्या डिसेंबर महिन्यात मेसिनाच्या सामुद्रधुनीत एक जिनोई गलबत वादळात सापडले आणि किनाऱ्याजवळ रुतून फुटले. मक्केची यात्रा आटोपून स्पेनमधील आपल्या घरी परतणारा इब्न जुबैर नावाचा एक विद्वान मुसलमान प्रवासी त्या गलबतावर होता. मदतीला आलेल्या नावाड्यांनी उतारूंकडे भरमसाट भाडे मागितले. गरीब यात्रेकरूंजवळ द्यावयास काहीच नव्हते. सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा विल्यम त्या सुमारास मेसिनातच होता. वार्ता ऐकून तो स्वतः किनाऱ्यावर आला आणि त्या गरिबांचे भाडे भागावे म्हणून त्याने शंभर नाणी देवविली. इब्न जुबैरची सिसिलीतील हिवाळी भेट अशी सुरू झाली. ती त्याने ठरवून घेतलेली नव्हती. पण तिचे जे वर्णन त्याने लिहून ठेवले, त्यावाचून त्या बेटाचा इतिहास आज कोणी लिहू धजणार नाही.

नाताळच्या सणाला तो पालेर्मो शहरात होता. तेथील ख्रिस्ती स्त्रिया सोनेरी रेशमी वस्त्रे नेसून, रंगीत बुरखे घेऊन, अंगाला मेंदी आणि अत्तर लावून मिरवत निघालेल्या त्याने पाहिल्या. त्यांचा वेष आणि बोली मुसलमान स्त्रियांसारखीच आहे, असे त्याने आश्चर्याने नमूद केले. ज्या देवळाच्या सोन्याने मढविलेल्या भिंती पाहून तो चकित झाला, ते देऊळ आजही उभे आहे. शेजारच्या मठाला ते पुढे जोडले गेले, आणि त्या मठाचे ‘मार्तोराना’ हेच नाव त्याला पडले. मठवासिनींच्या हातच्या बदामी मिठाईलाही तेच नाव मिळाले. देऊळ, सण आणि मिठाई यांची नावे एकमेकांत अशी गुंतावीत, हे सिसिलीत मुळीच नवलाचे नाही.

सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट. इटलीच्या पायाच्या अंगठ्यापासून ते अरुंद ठिकाणी जेमतेम तीन किलोमीटर दूर आहे. आगगाडीचे डबे बोटीवर चढवून ही खाडी पार करावयाची सोय तेथे आहे. आपल्याला हिवाळा म्हटला की युरोपातील बर्फ आणि निष्पर्ण झाडे आठवतात. सिसिलीचे गणित निराळे. तेथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळ्यात सारे डोंगर करपून पिवळे पडलेले असतात आणि नोव्हेंबरच्या सरींनंतर ते हिरवे होऊ लागतात. गहू पेरला जातो तो याच दिवसांत. कोवळ्या गवतावर मेंढ्या चरतात, त्यांना दूध भरपूर येते, आणि त्या दुधापासून केलेले चीज काढून घेतल्यावर उरलेली निवळी पुन्हा तापवून तिच्यावर जो मऊ, पांढरा, किंचित गोडसर चोथा धरला जातो, तो ‘रिकोत्ता’ याच काळात उत्तम मिळतो. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी संत्री पिकतात तीही हिवाळ्यातच. दिवस उबदार आणि रात्री गार असल्या म्हणजे त्यांचा गर रक्तासारखा तांबडा होतो. या संत्र्यांच्या चकत्या मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालून कोशिंबिरीसारख्या खातात. परक्यांना हा प्रकार विचित्र वाटतो. पेरूला तिखटमीठ लावून खाणाऱ्यांना तो तसा वाटू नये.

तेव्हा सिसिलीत हिवाळी सणांचे ताट भरलेले असते यात नवल नाही. नवल आहे ते याचे की, त्या भरलेल्या ताटात जागोजाग उपासमारीची आठवण वाढलेली असते. ही आठवण कोठून आली, हे समजल्यावाचून तेथील पदार्थांची चव घेता येईल, पण त्यांचा अर्थ लागणार नाही.

त्याआधी थोडे शब्दांकडे पाहू. इ. स. ८२७ मध्ये अरब सैन्य बेटाच्या पश्चिमेस माझारा येथे उतरले आणि पुढील शतकात सारे बेट त्यांच्या अमलाखाली आले. पाटबंधाऱ्यांची कला, ऊस, कडू संत्रे, वांगे या गोष्टी त्यांच्याबरोबर तेथे रुजल्या. त्यांची नावे ऐकली तर मराठी माणसाचे कान टवकारतील. आपली संस्कृत ‘शर्करा’ इराणात ‘शकर’ झाली, अरबांकडे ‘सुक्कर’ झाली आणि सिसिलीच्या बोलीत ‘झुक्कारु’ होऊन बसली. ‘नारंग’ हा शब्द ‘नारंज’ होऊन इटलीत ‘आरांचा’ या रूपाने नांदतो. वांग्याची कथाही तशीच. संस्कृतातील ‘वातिंगण’ फारशी-अरबीतून फिरत फिरत सिसिलीत ‘मिलिंचाना’ होऊन पोचले, आणि त्याची आंबटगोड भाजी, ‘कापोनाता’, आज त्या बेटाची ओळख होऊन राहिली आहे. गोड संत्रे मात्र त्यानंतर काही शतकांनी पोर्तुगीजांच्या व्यापारातून आले, म्हणून सिसिलीचा शेतकरी त्याला अजून ‘पार्तुआल्लु’ म्हणतो. अरबांनंतर नॉर्मन आले. त्यांच्या दुसऱ्या रॉजरला पालेर्मोत राज्याभिषेक झाला तो ११३० च्या नाताळच्या दिवशी. त्याच्या दरबारातील अल्-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने ११५४ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी गव्हाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजांनी परमुलखात जातात, अशी नोंद आहे. नंतर स्पॅनिश आले आणि अमेरिकेतील टोमॅटो व कोको घेऊन आले. एवढी माणसे येऊन गेली, आणि प्रत्येकाने काहीतरी स्वयंपाकघरात ठेवले.

हिवाळी सणांचा उंबरठा म्हणजे २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. आपल्या सर्वपित्री अमावास्येला आपण पितरांना जेवू घालतो. सिसिलीत उलट पितरच पोरांना खाऊ आणतात. आदल्या रात्री घरातील दिवंगत मंडळी येऊन खेळणी आणि मिठाई लपवून ठेवतात, आणि पोरे पहाटे उठून घर धुंडाळतात. ज्यांचे वर्तन बरे नसेल त्यांचे तळवे हे पितर चीज किसावयाच्या किसणीने खरवडतात, असाही धाक असे, आणि म्हणून पोरे त्या रात्री घरातील किसणी दडवून ठेवीत. आजा मेला म्हणजे संपला असे नव्हे. वर्षातून एकदा तो नातवाची आठवण काढतो. लहान मुलांच्या मनातून मरणाचे भय काढावयाची यापेक्षा शहाणी रीत क्वचितच आढळेल.

याच दिवसासाठी मार्तोरानाची फळे करतात. सोललेल्या बदामांची पूड आणि साखर एकत्र मळून साच्यात घालावयाची, सुकवावयाची, आणि मग कुंचल्याने रंगवावयाची. अंजीर, डाळिंब, फणी निवडुंगाचे बोंड, एखाद्या बाजूने किंचित डागाळलेले संत्रे, अशी ती हुबेहूब असतात; डागसुद्धा रंगविलेला असतो. दंतकथा अशी की, मठाला कोणी थोर पाहुणा भेट देणार होता आणि बागेतील झाडे तर उघडी पडलेली. तेव्हा मठवासिनींनी बदामाची फळे करून ती फांद्यांना टांगली. शिवाय साखरेच्या पाकाच्या पोकळ बाहुल्या करतात. बहुतेक बाहुल्या म्हणजे कठपुतळीच्या खेळातील शूर सरदार. गाठी आणि साखरेची चित्रे ज्यांनी बालपणी पाहिली आहेत त्यांना त्यांची कल्पना सहज येईल.

८ डिसेंबरला निष्कलंक मातेचा सण येतो. त्या दिवशी पालेर्मोत ‘स्फिंचोने’ करतात. ही जाड, जाळीदार रोटी. वर कांदा, टोमॅटो, खारवलेली मासळी, चीज आणि भाजलेल्या पावाचा चुरा. घरोघर पत्त्यांचे डाव मांडले जातात ते याच दिवसापासून, आणि ६ जानेवारीपर्यंत ते उठत नाहीत. एरवी जुगाराला नाक मुरडणाऱ्या आज्याही या महिन्यात चार पैसे लावतात म्हणे.

पण साऱ्या हिवाळ्यातील खरा दिवस १३ डिसेंबर, संत लुचियाचा. लुचिया ही सिराकूझा शहराची कन्या. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, परंपरेप्रमाणे इ. स. ३०४ मध्ये, तिने धर्मासाठी प्राण दिले. तिच्या नावात प्रकाश आहे, म्हणून ती डोळ्यांची रक्षणकर्ती. जुन्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे १५८२ ची सुधारणा होण्यापूर्वी, तिचा दिवस वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास येई. अंधार अगदी दाटला असताना प्रकाशाची देवता आठवावी, हे लोकमनाला साहजिकच वाटले असावे. नवस फेडावयास लोक तिला चांदीचे डोळे वाहतात. आपल्याकडे देवीच्या देवळांत वाहतात तसेच. सिराकूझात तिची चांदीची मूर्ती मुख्य देवळातून निघते. हे देऊळही पाहण्याजोगे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बांधलेल्या अथीनादेवीच्या ग्रीक मंदिरातच ते वसविलेले असून, जुने दगडी खांब त्याच्या भिंतींतून अजून डोकावतात. हिरव्या टोप्या घातलेले पुरुष मूर्तीचा भार खांद्यांवर वाहतात, मागून अनवाणी बायामाणसे मेणबत्त्या घेऊन चालतात. लुचियाला जेथे पुरले असे मानतात त्या ठिकाणच्या देवळात मूर्ती आठ दिवस माहेरी गेल्यासारखी राहते आणि २० तारखेला परत येते. तिचा देह मात्र सिराकूझाला नाही. तो अकराव्या शतकात कॉन्स्टन्टिनोपलला आणि तेथून १२०४ मध्ये व्हेनिसला गेला. २००४ च्या डिसेंबरात तो काही दिवस गावी आणला होता.

या दिवशी पालेर्मो, सिराकूझा आणि इतरही अनेक गावांत पिठाचा पदार्थ तोंडी लावावयाचा नाही, असा दंडक आहे. पाव नाही, शेवया नाहीत. ज्या बेटावर पावावाचून जेवणच होत नाही तेथे हा नेम लहान नव्हे. त्याची हकीगत अशी सांगतात: १६४६ साली दुष्काळाने लोक हवालदिल झाले होते. लुचियाचा धावा चालला असता अकस्मात धान्याने भरलेली गलबते बंदरात आली. लोक इतके भुकेले होते की, गहू दळून, मळून, भाजण्याइतका धीरही त्यांना निघेना. त्यांनी तो तसाच शिजविला, वर तेलाची धार धरली आणि खाल्ला. त्या गव्हाची आठवण म्हणून ‘कुच्चीया’ करावयाची. सिराकूझा आणि पालेर्मो दोन्ही शहरे ही कथा आपापलीच म्हणून सांगतात, आणि तपशीलही जुळत नाहीत. शिवाय ग्रीक ख्रिस्ती लोक मृतांच्या स्मरणार्थ शिजवलेला गहू फार पूर्वीपासून वाटत आलेले आहेत, तेव्हा पदार्थ कथेहून पुष्कळ जुना असावा. पण दुष्काळ खरा होता. पुढच्याच वर्षी, १६४७ च्या मे महिन्यात, पावाचे वजन घटविल्यावरून पालेर्मोत दंगा उसळला आणि त्याचे बंडात रूपांतर झाले, हे इतिहासाने नोंदलेले आहे.

कुच्चीया करावयाची म्हणजे गहू दोन-तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, मग मंद विस्तवावर दाणा फुटेपर्यंत शिजवावयाचा. गरीब गावांत त्यात हरभरे आणि तेल घालतात, कोठे द्राक्षाचा आटवलेला रस. पालेर्मोत गोड केलेला रिकोत्ता, पाकवलेला भोपळा, चॉकलेटचे तुकडे आणि दालचिनी. दक्षिण महाराष्ट्रात नागपंचमीला खपली गव्हाची खीर करतात आणि त्या दिवशी तवा चढवावयाचा नाही, चिरावयाचे नाही, असा नेम पाळतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या गृहिणीला कुच्चीयाची वाटी हाती दिली तर ती चॉकलेट बाजूला सारील, पण पदार्थ ओळखील. आणि हाही योग असा की, कुच्चीयासुद्धा घरापुरती करीत नाहीत. वाट्या भरभरून शेजारीपाजारी जातात.

पिठाला बंदी म्हटल्यावर पालेर्मोकरांनी दुसरी वाट शोधली. हरभऱ्याचे पीठ पाण्यात घोटून, शिजवून, थापून, त्याच्या वड्या तेलात तळतात. त्यांना ‘पानेल्ले’ म्हणतात. आपल्या पाटवडीची ही सख्खी बहीण. हरभऱ्याचे पीठ नेमाला चालते, गव्हाचे चालत नाही. उपासाच्या धर्मशास्त्रात अशा पळवाटा सर्वत्र असतात. दुसरा पदार्थ केशरी भाताचा, आत खिमा किंवा लोणी भरून तळलेला गोळा. रंगारूपाने तो संत्र्यासारखा, म्हणून त्याचे नाव ‘आरांचिना’, लहान संत्रे. १३ डिसेंबरला पालेर्मोत तो अक्षरशः राशींनी खपतो. पूर्वेकडील कातानिया शहरात तो एटनासारखा निमुळता करतात आणि ‘आरांचिनो’ असे पुल्लिंगी नाव देतात. यावरून दोन शहरांत असा वाद आहे की, २०१६ मध्ये इटालियन भाषेच्या ‘क्रुस्का’ अकादमीला दोन्ही रूपे शुद्ध असल्याचा निर्वाळा द्यावा लागला. वाद अर्थातच मिटला नाही. पदार्थ अरबांनी दिला असे सर्रास सांगतात. भात आणि केशर त्यांचे असेल, पण या गोळ्याचा लेखी उल्लेख सापडतो तो एकोणिसाव्या शतकात.

आता मूळ प्रश्न. जे बेट प्राचीन काळी रोमचे धान्यकोठार म्हणून ओळखले जाई, तेथे गव्हाचा दुष्काळ का पडावा? उत्तर पावसात नाही, मालकीत आहे. आतल्या डोंगराळ मुलखातील गव्हाची प्रचंड शेते मोजक्या उमरावांची. ते पालेर्मोच्या वाड्यांत राहत; मधला मक्तेदार कुळांकडून खंड वसूल करी. धान्य बंदराबाहेर नेण्याच्या परवान्यांवर स्पॅनिश राजवटीला उत्पन्न मिळे, म्हणून गहू बाहेर जाणे सरकारलाही सोयीचे. पिकविणाऱ्याच्या घरी घेवडे, रानभाजी आणि काळी भाकरी. १९५० च्या जमीनसुधारणा कायद्यापर्यंत ही स्थिती मुळातून हलली नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या चार दशकांत दहा लाखांवर माणसे बेट सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला.

गरिबांच्या स्वयंपाकघरात मग नकलेची एक कलाच निर्माण झाली. उमरावांच्या ताटात अंजिरे खाऊन पुष्ट झालेली चिमुकली पाखरे असत. गरिबाने स्वस्त तारली मासळी सारण भरून, गुंडाळून, शेपूट वर ठेवून तशी पाखरे केली. किसलेले चीज परवडत नाही म्हणून शेवयांवर पावाचा भाजलेला चुरा भुरभुरला. तारली घालून केलेल्या शेवयांचा एक प्रसिद्ध प्रकार आहे. त्यात मासळीच नसली म्हणजे त्याला ‘तारली अजून समुद्रात’ असे नाव देतात. हे सारे आज हौसेने खातात, आणि हॉटेलांत त्याचे दामही चांगले लावतात.

भूक ही केवळ १६४६ ची दंतकथा नव्हे, हे ध्यानात यावे म्हणून एक अलीकडची हकीगत सांगणे आवश्यक आहे. पालेर्मोच्या पश्चिमेस समुद्रकाठी त्रापेत्तो नावाचे कोळ्यांचे आणि शेतमजुरांचे गाव आहे. ‘त्रापेत्तो’ म्हणजे उसाचा घाणा. कधीकाळी तेथे साखर होत असे. अमेरिकेतील साखर स्वस्त पडू लागल्यावर सिसिलीचे घाणे बंद पडले आणि गावाला नाव तेवढे उरले. १९५२ साली उत्तर इटलीतील दानिलो दोल्ची हा सत्तावीस वर्षांचा तरुण वास्तुशास्त्राचा अभ्यास सोडून तेथे येऊन राहिला. त्याच ऑक्टोबरात गावातील एक तान्हे मूल उपासमारीने दगावले. दोल्ची त्या मुलाच्या बिछान्यावर आडवा झाला आणि सरकार गावासाठी काही करीपर्यंत अन्न घेणार नाही, असे त्याने जाहीर केले. सरकारकडून कामांचे आश्वासन मिळेपर्यंत तो उपास चालला. पुढे २ फेब्रुवारी १९५६ रोजी जवळच्या पार्तिनिको गावी त्याने बेकारांकडून एक मोडलेला रस्ता विनामोबदला दुरुस्त करावयास घेतला. काम थांबवून संप करतात, याने काम करून संप केला. पोलिसांनी त्याला पकडले आणि तुरुंगात टाकले. इटलीतील वर्तमानपत्रे त्याला ‘सिसिलीचा गांधी’ म्हणू लागली, आणि गांधीजींचा त्याच्या विचारांवरील प्रभाव उघडच होता. १९९७ साली तो वारला. इटालियन भाषेत ‘दोल्ची’ या शब्दाचा अर्थ मिठाया असा आहे.

संत लुचियाला पाव सोडणे आणि वर्षभर पाव न मिळणे यांतील अंतर ज्या समाजाला ठाऊक असते, त्याचा उपास निराळा असतो. सिसिलीच्या सणांत जो गोडाचा अतिरेक दिसतो, तोही याच बाजूने पाहावा. उत्तरेकडील पाहुणे त्याला नावे ठेवतात. ज्याच्या घरी साखर वर्षातून चारदा येते तो तिला चमच्याने मोजीत नाही.

१६ डिसेंबरपासून नाताळची नवरात्र बसते. ती नऊ दिवसांची. रस्त्यांच्या कडेला येशूजन्माची लहान देवघरे हिरव्या फांद्यांनी आणि संत्र्यांनी सजवतात. मेंढपाळ बकऱ्याच्या कातड्याची मशकबाजा घेऊन डोंगरांतून उतरत आणि त्यांच्यापुढे वाजवीत. हे वादक आता विरळ झाले आहेत, पण नाहीसे झालेले नाहीत. घरोघर येशूजन्माचा देखावा मांडतात. काल्ताजिरोने हे कुंभारांचे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील मातीच्या मूर्ती पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की, हे बेथलेहेम नव्हे, सिसिलीच आहे. रिकोत्ता ढवळणारा धनगर, लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी, गोठ्याशी झोप लागलेला गुराखी. बेटाच्या पश्चिम टोकास कुस्तोनाची येथे एका प्रचंड गुहेत हा देखावा जिवंत माणसे उभा करतात. त्या गुहेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खरोखरच कुटुंबे राहत होती, आणि त्यांच्या घरांत आता नाताळात जाते फिरते, माग चालतो, भट्टी पेटते. पाहुण्यांच्या हातावर ऊन रिकोत्ता आणि पाव ठेवतात. गुहेचे नाव ‘मांजापाने’, म्हणजे भाकरी खाणारा.

नाताळच्या मिठायांत ‘बुच्चेल्लातो’ मुख्य. सुकी अंजिरे, बेदाणे, बदाम, संत्र्याची साल यांचे सारण भरलेले हे मोठे कडे. उन्हाळ्यात सुकवलेले सारे काही त्यात एकत्र येते. दुसरी मिठाई मात्र कोणा मराठी माणसाने खाऊन पाहावी अशी. तीळ मध-साखरेच्या पाकात घोळून, ओट्यावर लाटून, वड्या कापतात. तिला ‘कुब्बाइता’ म्हणतात आणि तिळाला ‘जुज्जुलेना’. दोन्ही शब्द अरबी. संक्रांतीची वडी जशीच्या तशी. मोदिका गावचे चॉकलेटही निराळे. स्पॅनिश काळच्या रीतीप्रमाणे कोको फारसा न तापविता त्यात साखर मिसळतात, त्यामुळे तिचे कण दाताखाली कुरकुरतात. २०१८ मध्ये युरोपीय संघाने त्याला प्रदेशनामाचे संरक्षण दिले. त्याच गावी चॉकलेटमध्ये खिमा मिसळून केलेल्या करंज्याही मिळतात. त्यांविषयी काही न बोलणेच बरे.

या बहुतेक मिठाया मठांतून आल्या. थोरल्या घराण्यांतील ज्या मुलींना हुंडा देणे बापाला नको असे, त्या मठात जात. मठाच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसविलेले असे. बाहेरच्याने पैसे ठेवावयाचे, पिंप फिरावयाचे, मिठाई यावयाची. मुख दिसावयाचे नाही. इटलीच्या एकीकरणानंतर १८६६ च्या कायद्याने मठांच्या मिळकती सरकारजमा झाल्या, आणि मिठाई हा कित्येक ठिकाणी मठवासिनींच्या पोटाचा आधार झाला. आग्रिजेन्तो येथील मठाचा पिस्ते घातलेला गोड ‘कुस्कुस’ नावाजलेला. गव्हाच्या रव्याचा हा पदार्थ उत्तर आफ्रिकेतील मुसलमानांचा, तो ख्रिस्ती मठात सुखाने नांदला. पालेर्मोच्या संत कातेरिना मठातील अखेरच्या मठवासिनी २०१४ मध्ये गेल्या. त्यांच्या पाककृती मात्र गोळा केल्या गेल्या, आणि त्याच वास्तूत आता त्या मिठाया करून विकतात.

६ जानेवारीला नाताळचे दिवस संपतात. पालेर्मोजवळ पियाना देली आल्बानेझी या गावी तो दिवस पाहावा. तुर्कांच्या आक्रमणामुळे देश सोडून आलेल्या आल्बेनियनांनी १४८८ साली हे गाव वसविले. त्यांची बोली आणि ग्रीक पद्धतीची पूजा पाच शतकांनंतरही टिकून आहे. पाण्याला आशीर्वाद देण्याचा विधी कारंजावर होतो, आणि वरून दोरीने एक कबूतर पाण्यावर उतरविले जाते. रिकोत्ता भरलेल्या तळलेल्या नळ्या, ‘कन्नोली’, त्या गावी सर्वांत मोठ्या असतात.

फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना कातानियात संत आगाताचा उत्सव. शहराच्या निरनिराळ्या धंद्यांचे, पाववाल्यांचे, खाटकांचे, मासळीवाल्यांचे, सोनेरी कोरीव दीपस्तंभ आठ-आठ दहा-दहा माणसे झुलत झुलत वाहून नेतात, आणि पांढऱ्या झग्यांतील हजारो लोक संतिणीचा चांदीचा रथ दोर धरून ओढतात. दुकानांत हिरव्या बदामी ऑलिव्हफळांच्या राशी पडलेल्या असतात. त्याच सुमारास दक्षिणेस आग्रिजेन्तोच्या ग्रीक मंदिरांच्या खोऱ्यात बदामाला फुले येतात. झाडांवर पान नसते, नुसती पांढरी-गुलाबी फुले. गव्हाची रोपे वीतभर झालेली असतात. बदाम उन्हाळ्याच्या अखेरीस उतरवतात, आणि ते सोलून, वाटून साच्यात घालावयास पुन्हा नोव्हेंबर यावा लागतो.